हिमसागरने कटरा: आमच्या नागपूरच्या सोसायटी ग्रुपवर

ए-204 काकू: नमस्कार मंडळी. वैष्णोदेवीचं ठरवू या का आता? हिमसागर एक्सप्रेस नागपूरहून थेट कटऱ्याला, वैष्णोदेवीच्या पायथ्याशी जाते. जायचं-यायचं तिकीट तिचंच काढून टाकू, मध्ये गाडी बदलायची भानगड नको.

सी-103: जायला ठीक आहे काकू, पण यायला कशी जमेल? हप्त्यातून एकदाच आहे ती.

बी-101 काका: बरोबर. शुक्रवारी कन्याकुमारीहून निघते, 16317. सोमवारी कटऱ्याला पोचते आणि सोमवारीच रात्री 16318 होऊन परत फिरते. तुम्ही उतरून यात्रा कार्ड काढणार, मग वर भवनापर्यंत तेराएक किलोमीटर चढणार. तोवर गाडी केव्हाची गेलेली. पुढची पुढच्या सोमवारी.

ए-204 काकू: अगं बाई! आठवडाभर कटऱ्यात काय करू?

सी-103: राजमा-चावल खा.

डी-302: रोज काऊन नाही सोडत बे ही गाडी? गर्दी तर मरणाची असते.

बी-101 काका: 3,700 किलोमीटरहून जास्त धाव आहे भाऊ. जायला तीन रात्री, यायला तीन. एक रेक, म्हणजे डब्यांचा अख्खा संच, जाऊन येईस्तोवर आठवडा संपला. रोज सोडायची तर असे सात रेक पाहिजेत. विवेक एक्सप्रेस 2011 ला सुरू झाली, दिब्रुगड-कन्याकुमारी, हिच्याहून लांबची. तीही आधी साप्ताहिकच होती, रोजची व्हायला बारा-तेरा वर्षं गेली.

सी-103: मग येताना अंदमान एक्सप्रेस घ्या. कटरा-चेन्नई, नागपूरवरूनच जाते, आठवड्यातून तीनदा. खरं तर जातानाही तीच सोयीची.

ए-204 काकू: नाही हो, जाताना हिमसागरच. बारा राज्यांतून जाते म्हणे.

डी-302: त्यातली चार तुम्ही चढायच्या आधीच संपली ना काकू! केरळ तर गेलंच.

बी-101 काका: तेलंगणा, आंध्र, तमिळनाडूही गेले. असो. कामाचं ऐका. आपल्याकडे ती शनिवार-रविवारच्या मधल्या रात्री येते, तेव्हा तारीख डोळे उघडे ठेवून टाका. रात्री बारानंतरची वेळ म्हणजे रविवार. दरवर्षी कोणीतरी एक दिवस उशिरा स्टेशनवर येऊन भांडतंच. बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर 2024 पासून. पण ते दिवस गाडी मूळ स्टेशनहून सुटते त्या तारखेपासून मोजतात, म्हणजे शुक्रवारपासून. आपल्याला थोडं आधीच मिळतं.

सी-103: वेटिंग आलं तर?

बी-101 काका: आरएलडब्ल्यूएल, म्हणजे मधल्या स्टेशनांची वेटिंग लिस्ट, दिसलं तर भरवशावर राहू नका. तिचा कोटा तुटपुंजा, क्लिअर व्हायला वेळ लागतो. आणि डिसेंबर-जानेवारी नकोच. दिल्लीच्या पुढे धुकं असतं, गाडी किती तास लटकेल सांगता येत नाही.

ए-204 काकू: मग फेब्रुवारी. मला खालचाच बर्थ हं.

सी-103: 45 वर्षांवरच्या बायकांना रिकामा असेल तर सिस्टीमच देते, काकू. वय तेवढं खरं टाका.

डी-302: हे कठीण आहे.

ए-204 काकू: गप रे! नावं आणि वयं मला वेगळी पाठवा सगळ्यांनी, ग्रुपवर आधार कार्डाचे फोटो टाकू नका.