प्रति: नेल्सन यांची डॉक्टरकी आणि चर्च

रसेल नेल्सन हे हृदयशल्यविशारद, पुढे मॉर्मन चर्चचे अध्यक्ष झाले. त्यांची सर्जरी आणि चर्चमधलं काम हे दोन वेगळे अध्याय, असं काहींचं मत आहे; ते पटत नाही. एप्रिल १९७२ मध्ये त्यांनी चर्चचे प्रेषित (सर्वोच्च नेतृत्वातले एक) असलेल्या ७७ वर्षांच्या स्पेन्सर किंबल यांच्या महाधमनीची झडप बदलली आणि त्याच शस्त्रक्रियेत बायपासही केला. त्या काळात, त्या वयात ही जोखीम फार मोठी होती. पुढच्याच वर्षी चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष हॅरोल्ड ली अचानक वारले आणि ज्येष्ठतेनुसार किंबल अध्यक्ष झाले. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य खुलं करणारा १९७८ चा निर्णय त्यांच्याच कारकिर्दीतला. नेल्सन प्रेषित झाले तेही किंबल अध्यक्ष असतानाच, १९८४ मध्ये.

आणि ज्येष्ठतेनुसार म्हणजे काय, तर चर्चच्या अध्यक्षपदासाठी उमेदवार उभे राहत नाहीत. प्रेषितपदाची दीक्षा आधी कोणाची, एवढंच पाहतात. न्यायाधीश असलेले डॅलिन ओक्स यांची प्रेषित म्हणून निवड नेल्सन यांच्यासोबतच झाली, पण न्यायाधीशपदाची कामं उरकेपर्यंत दीक्षा काही आठवडे लांबली, म्हणून ओक्स नेल्सन यांच्यापेक्षा कनिष्ठ ठरले.