विषय: जूनमध्ये सांगलीला परत येतोय, मुलाची मायग्रेन आणि शाळा

नमस्कार मंडळी,

एरवी मी या लिस्टवर गणपतीच्या जेवणाला किती पोळ्या आणू एवढंच विचारतो, आज जरा घरचं विचारतोय. अमेरिकेतल्या एडिसनचं बस्तान गुंडाळून आम्ही जूनमध्ये सांगलीला येतोय, आईला आता एकटं ठेवणं जमत नाही. मुलगा १४ वर्षांचा, तिकडे नववीत बसेल. त्याला क्रॉनिक मायग्रेन आहे, म्हणजे महिन्यातले १५-१६ दिवस डोकं दुखतंच, त्यातले आठ-दहा दिवस पडदे ओढून, बादली शेजारी घेऊन. टोपिरामेट, म्हणजे मायग्रेन येऊ नये म्हणून रोज घ्यायची गोळी, चालू आहे. इथल्या शाळेत त्याचा ५०४ प्लॅन आहे, म्हणजे आजारी मुलाला शाळेने काय सवलती द्यायच्या याचा लेखी करार, त्यामुळे नर्सच्या खोलीत पडता येतं, गोळी तिच्याकडेच असते, टेस्टला जादा वेळ मिळतो. सांगलीत असं काही असतं का? आई फोनवर म्हणते, "घेऊन ये, मी दृष्ट काढते, राहील दुखायचं."

एडिसनहून, मूळ गावभागातला

---

दादा,

आईंना दृष्ट काढू द्या हो, त्याने काही बिघडत नाही. फक्त मिरच्या गॅसवर टाकू नका म्हणावं, त्या ठसक्यानेच आमच्या लेकीचं डोकं एकदा चढलं होतं, तिलाही मायग्रेनच.

आम्ही तीन वर्षांपूर्वी परतलो, विश्रामबागेत राहतो, मुलगी आता दहावीला. ५०४ विसरून जा. तो अमेरिकेचा १९७३ चा कायदा, तो तिकडेच राहतो. आपल्याकडे दिव्यांगांचा २०१६ चा कायदा आहे पण त्यातल्या २१ प्रकारांत मायग्रेन नाही, त्यामुळे जादा वेळ हक्काने मिळेल असं धरून चालू नका. इथे काम माणसांवर चालतं. आधीच्या शाळेत पीटीच्या सरांनी "नाटकं करते" म्हणून तिला उन्हात उभं केलं होतं, घरी आली ती भिंत धरत धरत. आता नवीन शाळेत पहिल्याच दिवशी मी अर्ध्या पानाचं मराठीत पत्र दिलं, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं, की हिला हे होतं, झाल्यावर अंधार, पाणी आणि अर्धा तास पडू द्या, गोळी अमुक, ती सुरुवातीलाच घ्यायची, दुखणं वाढायची वाट बघायची नाही. वर्गशिक्षिका, पीटीचे सर आणि शिपाई मावशी, तिघांना वेगवेगळी झेरॉक्स. खरं सांगू का, सगळ्यात उपयोगाच्या ठरल्या मावशी. त्या लायब्ररीतला मागचा बाक मोकळा करतात, खिडकीवर सतरंजी टाकतात आणि तास संपला की स्वतः उठवायला जातात, म्हणजे पोरगी दिवसभर तिथेच पडून राहत नाही.

हजेरी ७५ टक्के लागते हे लक्षात ठेवा. दर वेळचं मेडिकल सर्टिफिकेट तेव्हाच्या तेव्हा द्या आणि पोच घ्या, जानेवारीत सगळा गठ्ठा नेऊन दिला तर कोण ऐकतं. आणि कोणीतरी तुम्हाला सांगेलच की सरळ १७ नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा, घरीच बसवा. आम्हालाही सांगितलं होतं, आम्ही नाही ऐकलं. आधीचं जवळजवळ वर्ष ती दुखतंय म्हणून घरीच असायची, मग शाळेची भीती वाटून पोटात गोळा, मग झोप उलटीपालटी, की परत डोकं. आता नियम असा की रात्री उलट्या झाल्या असतील तर सकाळी आराम, पण मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास तरी जायचंच. बाई आधी म्हणाल्या दोन तासांसाठी कशाला येता, आता काही म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. आम्ही त्या वर्षात चार डॉक्टर फिरलो. मिरजेला आपल्याकडे काय कमी आहे, वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल काढल्यापासून ते डॉक्टरांचंच गाव. एकाने काही न विचारता डोक्याचा स्कॅन आणि सात गोळ्या लिहिल्या. चौथ्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, महिन्यात किती दिवस पेनकिलर घेते? मी म्हटलं पाच-सहा. घरी आल्यावर कंपासपेटी उघडली तर कर्कटकाच्या खाली रिकाम्या स्ट्रिप घड्या घालून ठेवलेल्या, मोजल्या तर महिन्याचे २० दिवस भरले. मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणायची, आमच्या खात्यावर. मॅडमनी सांगितलं की साधी पेनकिलर महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि कॅफिन वगैरे असलेली मिश्र गोळी किंवा ट्रिप्टान (खास मायग्रेनची गोळी) १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर त्या गोळीनेच डोकं रोज दुखायला लागतं. त्यांच्या देखरेखीखाली बंद केल्या, पहिले आठ-दहा दिवस घरात नुसती रडारड, मी तर हार मानलीच होती. मग हळूहळू महिन्यातले दुखण्याचे दिवस २२ चे ११ झाले. म्हणून सांगते, कोणत्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ याच्या आधी त्याच्या गोळ्या तुम्ही मोजा. त्याला न रागावता.

डायरीत अजून एक सापडलं. महिन्यातून एकदा हमखास एकाच दिवशी जोरात. काय तर संकष्टी. सांगलीची पोर, गणपतीवर जीव, चंद्रोदय होईपर्यंत रात्री साडेनऊपर्यंत शाबुदाण्यावर. आणि सकाळी सहाचा क्लास उपाशी पोटी, तोही रोज. आता चतुर्थीला देवळात जाते पण जेवून. क्लास संध्याकाळचा लावला. पहिल्यांदा सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

विश्रामबागेतून

---

दोघांना नमस्कार. पहाटे सूर्य उगवायच्या आत गरम जिलेबी दुधात घालून द्या, अर्धशिशीला रामबाण. आमच्या आत्याची गेली होती.

फ्रिमाँटचे काका

---

काका, जिलेबी मीही खाईन, पण १४ वर्षांच्या पोराला त्यावर ठेवू नका. मी साताऱ्याचा, आयुष्यभर बालरोग केलं, आता निवृत्त आहे, ईमेलवर मी कोणाचा डॉक्टर नाही, तरी दोन गोष्टी.

एक, टोपिरामेटवर असलेल्या काही मुलांना घाम कमी येतो. सांगलीचा एप्रिल-मे ४० पर्यंत जातो, त्या उन्हात पीटी आणि क्रिकेट म्हणजे ताप चढायला निमित्त. सतत पाणी, नाहीतर मुतखड्याचीही भीती. गोळी अचानक बंद मात्र करू नका. इथे आल्यावर कोणी फ्लुनारिझिन हे मायग्रेन टाळायचं दुसरं औषध सुचवेल, ते तुमच्याकडे मिळत नाही, इथे सर्रास देतात, पण झोप, वजन आणि उदासपणा यावर नजर ठेवा. आणि आधी आमच्यासारख्यांनाही वाटायचं की गोळीच सगळं करते. २०१७ ला अमेरिकेतली मोठी चाचणी छापून आली, ८ ते १७ वयाची मुलं, अमिट्रिप्टिलीन (तेही मायग्रेन टाळायला देतात), टोपिरामेट आणि औषध नसलेली खोटी गोळी, तिन्ही गटांत निम्म्याहून जास्त मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने कमी झाले, औषधाचा वरचढपणा दिसला नाही. म्हणून झोप, जेवण, समुपदेशन हे वरवरचं समजू नका, २०१३ च्या एका अभ्यासात अमिट्रिप्टिलीनला वर्तनोपचाराची जोड दिलेली मुलं जास्त सुधारली.

दोन, एकदम आयुष्यात कधी नव्हतं असं दुखलं, तापासोबत मान ताठली, हातपाय किंवा जीभ अडखळली, तर डायरी बाजूला ठेवा आणि थेट हॉस्पिटल.

सातारकर

---

ताई, डॉक्टरकाका,

रात्री त्याच्या खोलीत बसलो, रागावलो नाही, खरंच नाही. त्याने मग स्वतःच फोनमधली नोंद दाखवली, गेल्या महिन्यात १३ दिवस, आणि त्या मिश्र गोळ्या आहेत, बायकोने सोमवारी न्यूरोलॉजिस्टची वेळ घेतलीय. नर्सकडे फक्त शाळेतल्या गोळ्या होत्या, बाकी बॅगेत. शाळेसाठीचं पत्र तो स्वतः मराठीत लिहितो म्हणाला, त्याचं मराठी वाचून मावशींना कळेल का हा वेगळा प्रश्न आहे.

आईला निरोप दिलाय. ती म्हणाली मिरच्या नाही टाकत, नुसतं मीठमोहरी.

---

मोहरीही गॅसवर नको दादा, तडतडते. पाण्यात टाका म्हणावं.

विश्रामबागेतून