प्रति: रेझिस्टंट जंतू म्हणजे मरतुकडा जंतू?

दादा, तुम्ही वर लिहिलंय की औषधाला दाद न देणारा जंतू मुळात मरतुकडा असतो, रेझिस्टन्सचं ओझं वागवता वागवता त्याची मारायची ताकद जाते. बरीच वर्षं आम्हीपण तेच धरून चाललेलो. पण क्लेबसिएला नावाच्या जंतूनं ते खोटं पाडलंय ना.

मी मिरजेत लॅबला आहे. त्याची कॉलनी, म्हणजे प्लेटवर वाढलेला जंतूंचा ठिपका, लूपनं (बारीक कडीनं) हळूच उचलली की कधीकधी गुऱ्हाळात पाकाची तार बघतात तशी तार निघते, 5 मिलिमीटरच्या वर गेली की आम्ही कान टवकारतो, हा हायपरव्हिरुलंट, म्हणजे जास्तच घातक, असू शकतो, धडधाकट माणसाच्या लिव्हरमध्ये पू करणारा. पूर्वी हा साध्या औषधांनी मरायचा. आता औषधाला दाद न देऊ देणारे एनडीएमसारखे जीन प्लास्मिडवर (जंतू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या सुट्या कड्यावर) आणि चिकट कवच वाढवणारा आरएमपीए जीनपण बहुतेकदा प्लास्मिडवरच, मग दोन्ही सामान एकाच जंतूच्या घरात यायला कितीसा वेळ? चीनमध्ये हांगझोऊला 2016 मध्ये आयसीयूतले 5 पेशंट असल्याच, एसटी11 या क्लेबसिएलाच्या वाणानं गेले, 2024 ला डब्ल्यूएचओनं एसटी23 या दुसऱ्या वाणाबद्दल इशारा दिलाय.

आणि तार नाही निघाली म्हणून निर्धास्त राहू नका, ती टेस्ट चुकते. खरं कळतं सिक्वेन्सिंगनं, म्हणजे जंतूचा डीएनए वाचून, त्यातपण शॉर्ट रीडमध्ये (छोटे छोटे तुकडे वाचण्यात) प्लास्मिडचे नुसते तुकडे दिसतात, दोन्ही जीन एकाच प्लास्मिडवर आहेत का वेगवेगळ्या ते बघायला लाँग रीड, म्हणजे लांबलचक तुकडे सलग वाचणं, लागतं. आमच्याकडं ते मशीन नाही, सॅम्पल बाहेर पाठवायचं, तोवर पेशंट एकतर घरी गेलेला असतो नाहीतर...