किलार्नी नावाची गावं नक्की किती आहेत?

नकाशावेडी: आयर्लंडच्या केरी काउंटीतलं किलार्नी माहितीये, पण काल मॅप बघत बसले तर कॅनडातपण किलार्नी, तेही दोनदा! नावाचा अर्थ काय असेल?

भटक्या: आयरिशमध्ये 'किल आर्ने', म्हणजे स्लो नावाच्या आंबट जांभळट रानफळांचं चर्च. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं किलार्नी तळ्याकाठी आहे, तिथला आगीचा बंबसुद्धा आयरिश हिरवा. पण मला आवडतं ते ऑन्टारियो प्रांतातलं, जॉर्जियन बेच्या काठावर, 1962 पर्यंत गावाला रस्ताच नव्हता, सगळं पाण्यावरून यायचं आणि मागे पांढऱ्या क्वार्ट्झाइट दगडाचे डोंगर, बघतच राहावं असे.

सिडनीकर: अहो ऑस्ट्रेलियातलं राहिलं की! क्वीन्सलँडमध्ये, कॉन्डामाइन नदीवर. जवळच क्वीन मेरी धबधबा आहे, 40 मीटरचा.

नकाशावेडी: मस्त, आता चारही वहीत मांडते.