शब्दचर्चा : ‘दुहेरी ठसा’ नक्की कशाला म्हणायचं?

प्रश्न : नाण्यांवरच्या एका लेखाचं मराठी करतो आहे. त्यात ‘डबल्ड डाय’ हा शब्द सारखा येतो. मी आधी ‘दुबार छाप’ लिहिलं, मग खोडून ‘दुहेरी ठसा’ केलं. पुढे डाय झिजल्यामुळेही अक्षरं दोन-दोन दिसतात असं म्हटलंय. तिथेही ‘दुहेरी ठसा’च ठेवला तर चालेल का? दिसायला तर दोन्ही सारखंच.

प्रतिसाद : नाही चालणार. हे नाव दिसण्यावरून पडलेलं नाही, दुहेरीपणा कुठे जन्माला आला त्यावरून पडलंय.

नाण्यावर असतो तसा उठाव कोरलेला एक पोलादी हब असतो. तो दुसऱ्या पोलादावर दाबला की उलटं, खोलगट चित्र उमटतं. ती झाली डाय, म्हणजे आपला ठसा. जुन्या पद्धतीत एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. दाबाने पोलाद कडक व्हायचं, म्हणून ते तापवून मऊ करायचे आणि हब पुन्हा दाबायचे. या दुसऱ्या खेपेला हब केसभर जरी फिरलेला असला, तरी अक्षरं ठशावरच दोनदा कोरली जातात. मग त्या ठशाखालून निघणाऱ्या प्रत्येक नाण्यावर तीच खोड, त्याच जागी, त्याच मापाने येते. अमेरिकेच्या फिलाडेल्फिया टांकसाळीतला १९५५चा एक सेंट यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या छाप्याच्या बाजूचं वर्ष आणि अक्षरं भिंगाशिवाय दोन दिसतात.

म्हणून इथे ‘दुहेरी’ हाच शब्द नेमका बसतो. दुहेरी गोफ, दुहेरी वीण म्हणतो तेव्हा वस्तू एकच असते, तिच्या अंगातच दोन पदर असतात. ‘दुबार’ म्हणजे काम पुन्हा करणं, जशी दुबार पेरणी. नाणं एकदा ठोकल्यावर बाहेर न पडता पुन्हा ठशाखाली सापडलं, तर ती खरी दुबार छाप. तो दोष ठशाचा नसतो, त्या एका नाण्याचा असतो. तुम्ही दुबार खोडलंत ते योग्यच केलंत.

गोंधळाचं मूळ मला आपल्या ‘ठसा’ शब्दातच दिसतं. ठसा घडवतात तेव्हा ते हत्यार असतं. ठसा उमटतो तेव्हा ती खूण असते. एकाच शब्दात दोन्ही अर्थ राहतात. त्यामुळे नाण्यावर काहीही दोनदा दिसलं की ‘दुहेरी ठसा’ म्हणून मोकळं होता येतं. लेखापुरतं पथ्य पाळा: हत्याराला ठसा म्हणा आणि नाण्यावर जे दिसतं त्याला छाप. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आता झीज. प्रत्येक घावाला नाण्याचा धातू ठशावरून सरकतो, बहुतेक कडेच्या दिशेने. असंख्य घावांनंतर ठशातल्या खोलगट अक्षरांच्या धारा बोथट होतात, खाल्ल्या जातात. नाण्यावरची अक्षरं मग फुगीर दिसतात, त्यांच्याभोवती धूसर सावली येते, आणि मोकळा भाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत लागतो. झीज वाढत जाते, त्यामुळे आधीचं नाणं नि नंतरचं नाणं यांत फरक पडतो. दुहेरी ठशाची खोड मात्र पहिल्या नाण्यापासून असते.

दहापट भिंग घ्या आणि अक्षराच्या कोपऱ्यावर थांबा. ‘टी’च्या आडव्या रेघेचं टोक बघा. खऱ्या दुहेरी ठशाच्या छापेत त्या टोकाला स्पष्ट खाच दिसते, जणू एका टोकाची दोन टोकं झालीत, आणि दोन्ही भाग गोलसर, भरीव असतात. झिजलेल्या ठशाच्या छापेत खाच सापडत नाही. कड नुसती पसरत पसरत मोकळ्या भागात विरते. मी तरी खाच दिसल्याशिवाय दुहेरी ठसा हे शब्द उच्चारत नाही.

गंमत अशी की १९५५च्याच सेंटमध्ये दुसरा एक प्रकार आहे. त्याच्या वर्षातला शेवटचा ५ दुहेरी भासतो. तिकडच्या संग्राहकांनी त्याला ‘पुअर मॅन्स डबल डाय’, म्हणजे गरिबाचा डबल डाय, असं नाव दिलं. प्रत्यक्षात ती ठशाच्या झिजेची करामत आहे. टोपणनाव रूढ झालंय, त्यामुळे तुमच्या लेखात आलं तर अवतरणात ठेवा, पण लगेच खुलासा करा. नाहीतर नवखा माणूस नावावर जाऊन भलतेच पैसे मोजेल.

प्रश्न : आणि ‘मशीन डबलिंग’?

प्रतिसाद : ते तिसरंच. ठसा सैल बसलेला असला की घाव पडल्यावर तो जरासा सरकतो किंवा उसळतो आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची कड चेपतो. तिथे सपाट पायरी तयार होते. नाणं तिरक्या उजेडात फिरवलं की ती पायरी चकाकते. शिवाय मूळ अक्षर बारीक होतं, कारण पायरी त्याच्याच अंगातून कापलेली असते. दुहेरी ठशात अक्षराची एकूण रुंदी वाढते. मी याला ‘सरकछाप’ म्हणतो. यंत्राचं नाव न घेता क्रिया कळते.

प्रश्न : मग झिजेसाठी ‘झीजछाप’ करू?

प्रतिसाद : जोडशब्द म्हणून चांगला आहे, पण पहिल्यांदा येईल तिथे ‘झिजलेल्या ठशाची छाप’ असं पूर्ण लिहा. आणि एक बारीक गोष्ट: डाय आपण स्त्रीलिंगी वापरतो, ठसा पुल्लिंगी. एकाच परिच्छेदात ‘ती झिजली’ आणि ‘तो झिजला’ असं येऊ देऊ नका, वाचणाऱ्याला दोन वस्तू वाटतात.