विमानात हातात एकच बॅग, तीही सात किलोची: सांबऱ्याला हा नियम काटेकोर लावावा का?

टिळकवाडीकर

माझं मत आधीच सांगतो. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळावर प्रत्येकाची हातातली बॅग काट्यावर चढवावी. सात किलोच्या वर गेली, किंवा दुसरी बॅग निघाली, तर ती सरळ चेक-इनला पाठवावी. ओळखीपाळखी नकोत, वशिला नको.

नियम काही नवा नाही. विमान वाहतुकीची सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या ब्युरोनं २००० सालीच 'एका प्रवाशाला एकच हॅन्डबॅग' असं ठरवून दिलं होतं. बायकांची पर्स वगैरे मोजक्या गोष्टी त्यातून वगळल्या आहेत. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपन्यांना त्याची परत आठवणही करून दिली गेली. तरी बेंगलोरच्या किंवा मुंबईच्या फ्लाइटला माणसं कशी येतात बघा. एक ट्रॉली, पाठीला सॅक, एका हातात कुंद्याच्या मिठाईच्या बॉक्सची पिशवी, दुसऱ्या हातात आणखी काहीतरी.

मोठ्या शहरांत हे खपून जातं. आपल्याकडे खपत नाही, कारण आपल्याकडची बरीच विमानं लहान. एटीआर ७२ या पंख्याच्या लहान विमानात ७८ माणसं बसतात, पण डोक्यावरचे कप्पे इतके उथळ की मोठ्या विमानात आरामात बसणारी ट्रॉली तिथं आडवी-उभी कशीही बसत नाही. एम्ब्रेयर १४५ या लहान जेटमध्ये तर एका बाजूला एकेकच सीट, आणि त्या बाजूला वर कप्पाच नसतो. आधी चढलेली चार माणसं सगळी जागा अडवतात. मागून आलेला, नियमानं एकच छोटी बॅग आणलेला माणूस ती पायात घेऊन पाय आखडून बसतो. मला राग येतो तो याचा.

खानापूरची लेक

मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही प्रवाशाला गुन्हेगार ठरवताय आणि कंपनीला मोकळं सोडताय.

मी नोकरीला बेंगलोरला आहे. माहेरून निघताना आई काय काय देते ते बेळगावातल्या कुठल्याही घरात विचारा. घरचा बासमती, भाजून कुटलेला मसाला, चंदगडचे काजू, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून मागवलेला गोकाकचा करदंट. चेक-इनचे १५ किलो तांदूळ आणि मसाल्यातच संपतात. राहिले मांडे. मांडे चेक-इनला टाकून बघा एकदा, नुसता चुरा हातात येईल. कुंद्याचा डबा खालच्या सामानात दबून फुटला की सगळ्या कपड्यांना तूप. म्हणून ती पिशवी हातात असते, हौस म्हणून नव्हे.

आणि मूळ कुणी लावलं हे? अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २००८ च्या सुमारास पहिल्या चेक-इन बॅगेलाही पैसे घ्यायला सुरुवात केली, तशी तिथली माणसं सगळं सामान हातात घेऊन चढू लागली. आपल्याकडेही फेब्रुवारी २०२१ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक महासंचालनालयानं, चेक-इन सामान नसणाऱ्यांना स्वस्त तिकीट द्यायची मुभा कंपन्यांना दिली. म्हणजे आधी म्हणायचं, फक्त हॅन्डबॅग घेऊन या, तिकीट कमी करतो. आणि माणूस तसा आला की दारात काटा लावायचा. ऑनलाइन आधी घेतलेल्या जादा किलोचा दर आणि विमानतळावर ऐनवेळी सांगितलेला दर ताडून बघा, मग बोला.

टिळकवाडीकर

ताई, मांडे हातात घेऊ नका असं मी म्हटलंच नाही. तुमच्या एका बॅगेत मांडे असू देत, नाहीतर सोनं. माझा आक्षेप दुसऱ्या आणि तिसऱ्या पिशवीला आहे. दराचं म्हणाल तर ते भांडण खरं आहे, मीही तुमच्या बाजूनं भांडेन. पण तुमच्या जादा पिशवीचा त्रास कंपनीच्या मालकाला होत नाही, शेजारच्या सीटवरच्या माणसाला होतो.

शहापूरची सिस्टर

मी दवाखान्यात काम करते, त्यामुळे माझं लक्ष वेगळ्या गोष्टीवर जातं. दहा-बारा किलोची ट्रॉली कप्प्यातून निसटून डोक्यावर किंवा मानेवर पडली तर काय होतं, याचा विचार ती वर कोंबताना कुणी करत नाही. खाली बसलेलं माणूस कित्येकदा म्हातारं नाहीतर मांडीवर लेकरू घेतलेलं असतं.

दुसरं त्याहून मोठं. विमानाला उड्डाणाची मान्यता मिळताना निम्मीच दारं वापरून ९० सेकंदांत सगळी माणसं बाहेर पडू शकतात हे दाखवावं लागतं. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान पेटलं, आतले सगळे ३७९ जण जिवंत बाहेर आले; लोकांनी बॅगा आत टाकून दिल्या हे त्याचं एक मोठं कारण. याच्या उलट ३ ऑगस्ट २०१६ चं आठवा. तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान धावपट्टीवर आदळून पेटलं. आत ३०० माणसं होती, त्यांत आपले भारतीयच जास्त. आतल्या व्हिडिओत माणसं कप्पे उघडून बॅगा काढताना दिसतात. सगळे वाचले, पण थोड्याच वेळात स्फोट झाला आणि आग विझवायला आलेला जवान गेला. कप्प्यात जेवढं जास्त अडकवाल तेवढा जीव त्यातच अडकतो. मी टिळकवाडीकरांच्या बाजूनं.

निपाणीचा

सिस्टर, सुरक्षेचं मान्य. पण काटेकोरपणाचा मार कुणाला बसतो ते पण बघा.

आमच्या निपाणी-चिकोडीकडची किती पोरं आखातात आहेत. कुणी गोव्याच्या मोपा विमानतळावरून जातं, कुणी मुंबईहून. परदेशाच्या तिकिटावर साधारण ३० किलो मिळतात. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असला तर देशातल्या टप्प्यालाही बहुधा तेच वजन धरतात. पण स्वस्त पडतं म्हणून मुंबई ते बेळगाव तिकीट वेगळं काढलं की तिथं १५ किलोच. दोन वर्षांनी घरी येणाऱ्या पोराची अर्धी बॅग वरच्या वजनात जाते. तो काय करणार? जड जड वस्तू सॅकमध्ये भरतो, जॅकेटच्या खिशात घालतो आणि चढतो. त्याला दारात अडवून तिथल्या तिथं पैसे भर म्हणायचं, हे माणुसकीचं नाही. एवढा कष्टाचा पैसा आहे तो.

सांबरेकर

मी पूर्वी विमानतळावर सामान चढवायच्या कामाला होतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

वजन बगा. प्रत्येक माणूस हातातल्या बॅगेसकट अमुक किलोचा असं ठरीव धरूनच विमानाचा हिशेब मांडतात, कुणाला काट्यावर उभं करत न्हाईत. आता ७८ जणांनी चार-चार किलो जास्त आणले तर ३१२ किलो झाले. म्हणजे चारेक माणसं जादा बसल्यासारखीच की. मोठ्या विमानाला ते काय वाटत न्हाई, लहानाला वाटतं. त्यातून एटीआरला माणसं मागच्या दारानं चढतात आणि सामानाची मोठी खोली पुढं असते. कुठं किती वजन बसलं याला तिथं लई महत्त्व.

दुसरं, शिडीपाशी तुमची बॅग काढून घेतात, टॅग लावून खाली टाकतात, तवा घाईत कुणी विचारत न्हाई आत पॉवर बँक आहे का म्हणून. ती खालच्या सामानात चालतच न्हाई. आग लागली तर तिथं कोण बघणार? जानेवारी २०२५ मध्ये कोरियात एअर बुसानचं विमान उडायच्या आधीच जळालं, आग वरच्या कप्प्यातून लागली आणि संशय पॉवर बँकेवरच गेला. वर निदान माणसांना धूर दिसला, सगळी बाहेर पडली. म्हणून बॅग खाली दिलीत तर पॉवर बँक, मोबाइल, औषधं आधी काढून घ्या.

आणि खानापूरच्या अक्का बोलल्या ते खोटं न्हाई. दारावरच्या पोरांना वरून सांगणं काय असतं? विमान वेळेवर सोडा. पुढारी आला, त्याच्यामागं तीन पिशव्या घेतलेला माणूस आला, तर कोण अडवणार? अडवतात ते गप्प बसणाऱ्या माणसाला.

वडगावकर

अगदी हेच म्हणायचं होतं. माझा मुद्दा काटा कुठं ठेवायचा, एवढाच आहे. विमानात चढायच्या दारात ठेवून उपयोग नाही, तिथं माणसाच्या हातात काहीच उरत नाही. आपल्या इथं नवीन टर्मिनल २०१७ मध्ये झालं, जागा आहे. टर्मिनलमध्ये शिरायच्या आधी, बाहेरच दोन काटे उघडे ठेवा, कुणीही येऊन फुकट वजन करावं. जास्त भरलं तर तिथंच बाकावर बसून इकडचं तिकडं करता येतं, सोडायला आलेल्या भावाकडे दोन किलो परत देता येतात. काउंटर तासभर आधी बंद होतो, तोवर वेळ असतो. एवढं करून मग दारात काटा लावा आणि पुढाऱ्यालाही त्यावर उभा करा. तेव्हा मी टिळकवाडीकरांबरोबर.

टिळकवाडीकर

बाहेर काटा ठेवायची सूचना मला मान्य. दर मात्र दोन्हीकडे सारखे हवेत हेही त्यात घाला, म्हणजे निपाणीच्या भाऊंची तक्रार निम्मी तरी मिटेल. पण 'कष्टाचा पैसा' म्हणून नियम सैल करायला माझा विरोध राहील. पायात बॅग घेऊन बसणारा पण कष्टाचेच पैसे देऊन तिकीट काढतो.

निपाणीचा

त्याची तासाभराची अडचण आणि याचा महिन्याचा पगार, हे एका मापानं मोजता येत नाही. मी माझ्या मतावर ठाम आहे.

खानापूरची लेक

दर सारखे झाले, काटे बाहेर आले, तर मी पण एकच बॅग आणेन. सगळ्यांना तोच नियम लागला पाहिजे, एवढीच अट. पण तोवर माझी मांड्यांची पिशवी मी मांडीवर घेऊन बसणार, कुणाच्या कप्प्यात नाही आणि कुणाच्या पायात नाही.

सांबरेकर

अक्का, मांडीवर चालत न्हाई ओ. विमान चढताना आणि उतरताना पुढच्या सीटखालीच सारायला लागते. आणि इमर्जन्सी दाराजवळची सीट मिळाली तर तिथं खाली पण ठेवू देत न्हाईत. सीट निवडताना ती रांग तेवढी टाळा.