माल्टचा अर्क गाळताना फडके तुंबते : चूक दळण्यात आहे की गाळण्यात?

राजारामपुरीकर (प्रश्न)

माझा मुलगा ऑस्ट्रेलियात घरी बीअर करतो. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे जाणार असल्याने, धान्य भिजवण्यापासून गोड अर्क गाळण्यापर्यंतचे काम आधी हाताखालून जावे म्हणून इथे कोल्हापुरात करून पाहत आहे. यीस्ट घालत नाही. अर्क गार करून, लिंबू पिळून आम्ही पितो. गेल्या रविवारी ७५० ग्रॅम बार्ली माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि २५० ग्रॅम नाचणीचा माल्ट मिक्सरमध्ये बारीक केला, ३ लिटर पाण्याला उकळी आणून गॅस बंद केला, त्यात ते पीठ ढवळून तासभर झाकून ठेवले आणि कुरडईचा चीक गाळतो त्या मलमलीच्या फडक्यात ओतले. पाहता पाहता फडक्याला आतून चिकट थर बसला आणि धार थेंबावर आली. शेवटी पिळून जेमतेम दीड लिटर पांढुरके, पिठूळ आणि मागाहून तुरट लागणारे पाणी हाती आले. फडके बदलावे की पद्धत?

उद्यमनगर

फडक्याला दोष देऊ नका. चीक गाळताना आपल्याला सत्त्व खाली उतरवायचे असते. इथे त्या सत्त्वाची आधी साखर व्हावी लागते, आणि अर्क गाळण्याचे खरे काम बार्लीचे टरफलच करते. मिक्सरने त्याचा भुगा केल्यावर गाळायला काही उरलेच नाही. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटावा आणि टरफल शक्यतो अखंड राहावे, इतपतच भरडावे. मी किलोभर माल्टवर चार चमचे पाण्याचा हबका मारून दहा मिनिटे झाकून ठेवतो, म्हणजे टरफल लवचीक होते, आणि मग घरच्या जात्यावर वरचा दगड किंचित उचलून भरडतो. पातेल्याच्या तळाशी बसेल अशी स्टीलची जाळी आमच्या भागात कोणीही कापून देतो. पहिले दोन तांबे गढूळ येतात. ते त्याच थरावर अलगद परत ओतावेत. थर एकदा बसला की धार नितळ होते, फक्त मध्येच डाव घालून ढवळण्याचा मोह आवरावा लागतो.

पंचगंगाकाठ

भरडण्याबद्दल सहमत आहे, पण पिठूळपणाचे कारण वेगळे आहे. नुकत्याच उकळलेल्या ३ लिटर पाण्यात किलोभर माल्ट घातल्यावर मिश्रण ९० अंशांच्या आसपास राहते, आणि त्या उष्णतेत स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स काही मिनिटांतच निकामी होतात. पाणी ७२-७३ अंशांवर असताना माल्ट घाला, म्हणजे मिश्रण ६७ च्या जवळ स्थिरावेल. मग पातेले गोधडीत गुंडाळून तासभर ठेवा. शेवटी वरचा नितळ थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंचर आयोडीन टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, पिवळसर तपकिरीच राहिला तर काम झाले. तो थेंब अर्थातच फेकून द्यायचा. पिळल्यामुळे तुरटपणा येतो असे बरेच जण सांगतात. मला ते फारसे पटत नाही. टरफलाचा भुगा आणि अति गरम पाणी एकत्र आले की टॅनिन हे तुरट द्रव्य उतरते, म्हणून उरलेला गोडवा काढायला चोथा धुण्याचे पाणीही ७७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

आजरेकर

नाचणीला बार्लीसारखे जाड टरफल नसते, त्यामुळे तिचा गोळा होतो. घालायचीच असेल तर राइस मिलमधून आणलेले भाताचे तूस स्वच्छ धुऊन, मूठ-दोन मूठ मिसळा. आणि यीस्ट घालत नाही हे बरे करता. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करणे हा गुन्हा आहे, मग ती पाच लिटर का असेना.

राजारामपुरीकर

सर्वांचे आभार. काल नाचणी वगळून, किलोभर बार्ली माल्ट जात्यावर भरडून पुन्हा केले. ३ लिटरात भिजवले आणि वरून ७५ अंशांचे २ लिटर पाणी घालून चोथा धुतला. जवळपास ४ लिटर अर्क उतरला, रंगाला पातळ काकवीसारखा. बशीतला थेंब पिवळसरच राहिला. चोथा शेजारच्या गोठ्यात दिला. म्हशीने तो वैरणीच्या आधी संपवला.